आडनावात काय असतं?



परवा आम्ही चिरनेरच्या महागणपतीला गेलो होतो. दर्शन घेऊन हुतात्मा स्मारकापाशी आलो. धाकटीनं तिथली नावं मोठ्यानं वाचली आणि विचारलं, “आई, आडनावं येतात तरी कुठून गं?”

म्हटलं, या नावांतूनच सांगते. २५ सप्टेंबर १९३० रोजी इथल्या अक्कादेवीच्या रानात जंगल सत्याग्रह झाला. पोलिसांच्या गोळीबारात आठ जण कामी आले. तेव्हा चिरनेर कुलाबा जिल्ह्यातल्या पनवेल तालुक्यात होतं, आता ते रायगडच्या उरण तालुक्यात आहे.

रघुनाथ मोरेश्वर न्हावी, रामा बामा कोळी ही आडनावं सरळ धंद्यावरून आली. आनंदा माया पाटील यांचं गावच्या अधिकारावरून. आलू बेमट्या म्हात्रे यांच्या आडनावाचं मूळ जाणकार ‘महत्तर’, म्हणजे गावातला वडीलधारा, या शब्दात सांगतात. आणि नवश्या महादेव कातकरी? खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. रानावर पोट भरणाऱ्यांना सरकारनं रानबंदी केली, म्हणून तर हा लढा!

धाकू गवत्या फोफेरकर यांच्या नावातला ‘कर’ तर आपल्या ओळखीचाच. मूळ गाव सुटलं तरी ते असं नावाला चिकटून राहतं. याच जिल्ह्यातल्या बेने इस्राएल कुटुंबांनी किहीमवरून किहीमकर, चौलवरून चेऊलकर अशी आडनावं घेतली. पुढं त्यांतली बरीच कुटुंबं इस्राएलला गेली आणि कोकणातली गावं तिकडच्या दारांवरच्या पाट्यांवर जाऊन बसली!

घरी येताना धाकटी म्हणाली, “सगळ्यांच्या नावात बाबांचं नाव आहे. आईचं कुठंय?” मी गप्पच झाले. माझं माहेरचं आडनाव तरी तिला कुठं ठाऊक होतं?

आता महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचं नाव लागतं. चांगलंच झालं. पण त्याआधीच्या आया-आज्यांचं काय? ते काम आपलंच.

तेव्हा एक करा. किराण्याच्या वहीची मागची दोन पानं राखून ठेवा. एकावर सासरचं आडनाव, मूळ गाव, धंदा लिहा. दुसऱ्यावर आईचं, आजीचं, पणजीचं माहेर. सासूबाईंनाही त्यांच्या माहेराबद्दल विचारा. बघा, किती वर्षांनी कुणीतरी विचारलं म्हणून कशा खुलतात!