तारापूरचे इंधन आणि वॉशिंग्टनमधील दोन मते

१/ बोईसरहून पश्चिमेला गेले की नवापूरचा किनारा लागतो. त्याच किनारपट्टीवर, थोडे उत्तरेला, तारापूर अणुऊर्जा केंद्र उभे आहे. या केंद्राला इंधन द्यावे की नाही, यावर १९८० साली अमेरिकेच्या सिनेटमध्ये मतदान झाले आणि निकाल अवघ्या दोन मतांनी लागला. दोन देशांतील व्यापार अंतर्गत राजकारणावर किती अवलंबून असतो, हे समजण्यासाठी याहून जवळचे उदाहरण महाराष्ट्रात नाही.

२/ ऑगस्ट १९६३ मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात तीस वर्षांचा करार झाला. अणुभट्ट्या जनरल इलेक्ट्रिकच्या, बांधकामात बेक्टेल, आणि सुमारे ८ कोटी डॉलरचे कर्जही अमेरिकेचेच. ऑक्टोबर १९६९ पासून केंद्राची व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली. महाराष्ट्र आणि गुजरात हे तिचे ग्राहक.

३/ या व्यवहारात एक मेख होती. या भट्ट्यांना समृद्ध युरेनियम लागते. भारतात त्या काळी ते तयार होत नव्हते. करारानुसार अमेरिकेने इंधन पुरवायचे आणि भारताने तारापुरात तेच वापरायचे. थोडक्यात, यंत्र, कर्ज आणि इंधन या तिन्हींच्या चाव्या एकाच हाती होत्या.

४/ १८ मे १९७४ रोजी पोखरणचा स्फोट झाला. त्यातील प्लुटोनियम तारापूरचे नव्हते. ते ट्रॉम्बेच्या सायरस अणुभट्टीतले होते. पण सायरस कॅनडाच्या मदतीने उभी राहिली होती आणि तिला जड पाणी अमेरिकेने दिले होते, तेही शांततेच्या वापरासाठी. अमेरिकी काँग्रेसमधील संताप त्यामुळे निराधार म्हणता येत नाही.

५/ मार्च १९७८ मध्ये अमेरिकेने अण्वस्त्रप्रसारविरोधी कायदा केला. ज्या देशाची सर्व अणुकेंद्रे आंतरराष्ट्रीय तपासणीखाली नाहीत, त्याला मुदतीनंतर इंधन बंद. ही अट १९६३ च्या करारात नव्हती. पंतप्रधान मोरारजी देसाई अणुबॉम्बचे विरोधक होते, तरी त्यांनीही ती मान्य केली नाही. एका देशाचा कायदा आणि दोन देशांचा करार समोरासमोर उभे राहिले.

६/ मे १९८० मध्ये अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने इंधन पाठवण्यास एकमताने नकार दिला. अध्यक्ष कार्टर यांनी तो डावलून जूनमध्ये मंजुरी दिली. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात असताना भारताला दुखावणे त्यांना परवडणारे नव्हते. सप्टेंबरात प्रतिनिधीगृहाने ही मंजुरी २९८ विरुद्ध ९८ मतांनी फेटाळली. सिनेटमध्ये मात्र ती ४८ विरुद्ध ४६ अशी टिकली. दोन्ही सभागृहांचा विरोध नसल्याने इंधन निघाले.

७/ त्या वादात करारनिष्ठा, अण्वस्त्रप्रसार, सोव्हिएत रशिया असे अनेक विषय होते आणि अध्यक्षीय निवडणूक सहा आठवड्यांवर होती. पालघरच्या किनाऱ्यावरील केंद्र हे निमित्तमात्र होते.

८/ वाट १९८२ मध्ये निघाली. इंदिरा गांधी यांच्या वॉशिंग्टन भेटीत ठरले की १९९३ पर्यंतचे इंधन फ्रान्सने द्यावे. त्यानंतर ते चीनकडून आणि पुढे रशियाकडून आले. करार एका देशाशी आणि इंधन दुसऱ्यांचे, अशी ही परिणती.

९/ 'अमेरिकेने दगा दिला' हा या कथेचा रूढ अर्थ. तो अर्धाच खरा आहे, कारण पुढे भारताच्या संसदेनेही आपला अधिकार वापरला. जुलै २००८ मध्ये अणुकरारावरून सरकार पणाला लागले आणि २७५ विरुद्ध २५६ मतांनी वाचले.

१०/ जून २०१० मध्ये भोपाळ खटल्याचा निकाल आला आणि तोकड्या शिक्षांनी देश संतापला. ऑगस्टमध्ये संसदेने अणुदायित्व कायदा केला आणि अपघाताची जबाबदारी पुरवठादारापर्यंत नेली. तारापूर उभारणाऱ्या जनरल इलेक्ट्रिकने या अटीवर भारतात नवी भट्टी उभारली नाही. भोपाळ स्मरणाऱ्या देशाने तसा कायदा करणे यात गैर काय होते?

११/ म्हणून लोकशाही देशांतील प्रत्येक मोठ्या करारात एक अदृश्य तिसरा पक्ष धरावा लागतो: मतदार. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याचा हिशेब आधीच मांडायला हवा. एकापेक्षा अधिक पुरवठादार, पुरेसा साठा आणि स्वतःचे तंत्र, हा तो हिशेब. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्ट्या, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या, स्वदेशी तंत्राने उभ्या राहिल्या त्या याच धड्यातून.

१२/ पण हिशेबाची एक ओळ अजून कोरी आहे. अमेरिकेने जुन्या भट्ट्यांचे वापरलेले इंधन परत नेले नाही आणि त्यावर पुनर्प्रक्रियेस संमतीही दिली नाही. ते तारापुरातच साठवावे लागले. नव्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. राजधान्यांचे मत बदलते तेव्हा किंमत किनारा मोजतो. पुढचा करार लिहिताना ती किंमत कोणी द्यायची, हेही त्यातच लिहिलेले असावे.