चोवीस नगांचा संच की तीन आकड्या?

मंडळी, निवृत्त मास्तराने कुलुपे उघडण्याचा छंद लावून घेतला म्हटल्यावर नातेवाइकांच्या भुवया उंचावणारच. 'चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या' ही म्हण आयुष्यभर वर्गात शिकवली, तीच आता मला ऐकवतात! असो. आज लिहायचे आहे ते हत्यारांबद्दल. हा छंद नव्याने लागलेली मुले मोठमोठे संच मागवतात. माझे मत विचाराल तर चोवीस नगांच्या चकचकीत संचापेक्षा दोन-तीन चांगल्या आकड्या बऱ्या.

पिनांच्या कुलपात स्प्रिंगवर बसलेल्या पिना असतात. किल्लीच्या भोकात एका पट्टीने किंचित पीळ द्यायचा आणि आकडीने एकेक पिन उचलायची. पिन जागेवर बसली की बोटाला बारीक टिचकी जाणवते. सगळा खेळ त्या टिचकीचा. म्हणजे आकडीचे काम नुसते ढकलण्याचे नाही, आतला निरोप बोटापर्यंत आणण्याचेही आहे.

आता पोलाद पाहा. आमच्या जालन्याचे पोलाद प्रसिद्ध, पण ते बांधकामाच्या सळईचे. सळई वाकवली की तशीच राहावी लागते. आकडी मात्र वाकून पुन्हा सरळ झाली पाहिजे, म्हणून तिला स्प्रिंगचे पोलाद लागते. स्वस्त आकडी एक तर वाकडी होते, नाहीतर कुलपातच तुटते, आणि चांगले कुलूप वाया जाते. कडा खरखरीत असतील तर त्या पितळेला घासतात आणि खोटी टिचकी देतात. बारीक पॉलिश पेपरने त्या गुळगुळीत कराव्यात. मुठीवर जाड रबर असले की हाताला बरे वाटते, पण निरोप तिथेच अडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे आपल्याकडची पुष्कळ कुलुपे पिनांची नसून लिव्हरची असतात. गोदरेजचे नवताल घ्या. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत लालबागला कुलुपांचा कारखाना काढला, त्या घराण्याचे हे कुलूप. त्याच्यापुढे बाहेरून आलेल्या संचातल्या बहुतेक आकड्या निरुपयोगी. तिथे एका तारेने खिट्टीवर ताण आणि दुसरीने लिव्हर उचलणे, असे वेगळे हत्यार लागते. आधी कुलूप ओळखा, मग हत्यार घ्या.

'हे शिकून चोरांचेच फावेल' असे म्हणणाऱ्यांना १८५१ सालची गोष्ट सांगतो. लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने चबचे नामांकित लिव्हर कुलूप २५ मिनिटांत उघडले. ब्रामाच्या कुलपावर तर उघडणाऱ्याला २०० गिनींचे बक्षीस होते. ते त्याने खास हत्यारे बनवून, १६ दिवसांत मिळून ५१ तास खपून उघडले. मोठी ओरड झाली, पण त्यानंतरच कुलूपवाल्यांनी आपली कुलुपे सुधारली. झाकून ठेवल्याने कच्चे कुलूप पक्के होत नाही.

पथ्ये मात्र पाळावीत. कुलूप स्वतःचे असावे आणि दाराला लावलेले नसावे. हत्यारे घरातच ठेवावीत. रात्री योग्य कारणाशिवाय घरफोडीचे हत्यार जवळ बाळगणे हा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १२२ नुसार गुन्हा आहे.

पटले तर कळवा, नाही पटले तर जरूर कळवा!