फलकावर ६०, गाडीत किती?
महामार्गावरचा फास्ट चार्जर म्हणजे एकच मोठे यंत्र नव्हे. ६० किलोवॉटच्या चार्जरमध्ये सहसा ३० किलोवॉटची दोन मॉड्यूल समांतर जोडलेली असतात. व्होल्टेज तेवढेच राहते, करंटची बेरीज होते. भार मात्र सारखा वाटला गेला पाहिजे. नाहीतर एकावरच ताण येऊन ते बाद होते. तरी चार्जर ३० किलोवॉटवर चालू राहतो. सोयच ती! पण फलकावर ६०च. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर पालघर जिल्ह्यातल्या चारोटीला किंवा तलासरीला थांबून गुजरातकडे निघालेल्या ई-टॅक्सीचा चार्जिंगचा वेळ मग जवळपास दुप्पट होतो; भाडे बुडते ते चालकाचे. शेजारी दुसरी गाडी लागली तरी बहुधा हीच वाटणी. प्रत्यक्ष किती किलोवॉट मिळणार, हे प्लग लावण्याआधीच अ‍ॅपवर दाखवणे बंधनकारक हवे. चार्जरच्या कंट्रोलरला ते ठाऊक असतेच.