नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा
‘कॉमनवेल्थ’ आणि ‘राज्य’ यांतील फरक प्युर्टो रिकोने किती महाग शिकला!

बेकायदा शस्त्रविक्रीचा एक साधा खटला. आरोपीवर प्युर्टो रिकोच्या स्थानिक कायद्याखाली आरोप ठेवले गेले. त्याच विक्रीबद्दल अमेरिकेच्या संघशासनानेही त्याच्यावर खटला भरला. संघीय न्यायालयात त्याने गुन्हा कबूल केला आणि एकाच कृत्यासाठी दुसऱ्यांदा खटला चालवता येणार नाही, असा बचाव स्थानिक न्यायालयात मांडला. हे तत्त्व भारतीय राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदातही आहे, त्यामुळे आपल्याकडील वाचकाला त्यात नवल वाटणार नाही. नवल पुढेच आहे. हाच गुन्हा केंटकीत घडला असता, तर दोन्ही खटले बिनदिक्कत चालले असते. कारण अमेरिकी न्यायशास्त्रानुसार केंटकी आणि संघशासन ही दोन स्वतंत्र सार्वभौम सत्तास्थाने आहेत आणि प्रत्येकाला आपापल्या कायद्याचा भंग करणाऱ्यास शासन करण्याचा अधिकार आहे. ९ जून २०१६ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की प्युर्टो रिकोला तो अधिकार नाही. वास्तविक पाहता केंटकीही स्वतःला ‘कॉमनवेल्थ’ म्हणवते आणि प्युर्टो रिकोही! पाटी एकच, पण एका पाटीमागे स्वतःचे घर आहे आणि दुसऱ्या पाटीमागे भाड्याची खोली.

हा शब्द मुळात मोठ्या अभिमानाचा. सर्वांचे हित साधणारी, कोणा एकाच्या मालकीची नसलेली राज्यव्यवस्था, असा त्याचा आशय. १६४९ मध्ये इंग्लंडने राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद केला आणि राजाविना चालणाऱ्या आपल्या शासनाला हेच नाव दिले. पुढे अमेरिकेतील वसाहतींनी राजसत्तेचे जोखड झुगारले, तेव्हा व्हर्जिनिया, पेनसिल्व्हेनिया आणि मॅसॅच्युसेट्स यांनी आपल्या घटनांत ते अभिमानाने कोरले. व्हर्जिनियातून फुटून १७९२ मध्ये राज्य झालेल्या केंटकीनेही आईचे हे लेणे सोबत नेले. कायद्याच्या दृष्टीने त्यामुळे तसूभरही फरक पडत नाही. अमेरिकेची राज्यघटना फक्त ‘राज्य’ ओळखते. या चौघांना इतरांप्रमाणेच दोन-दोन सिनेटर, लोकसंख्येच्या प्रमाणात प्रतिनिधी आणि राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत आहे. नाव हा तिथे अलंकार आहे. अलंकार काढला तरी अंग शाबूत राहते.

प्युर्टो रिकोत तोच शब्द पडद्याचे काम करतो. २५ जुलै १८९८ रोजी अमेरिकी सैन्य या बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, ग्वानिका येथे उतरले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झालेल्या पॅरिसच्या तहाने स्पेनने बेट अमेरिकेच्या हवाली केले. बेटावरील लोकांना कोणी विचारले नाही. १९०१ पासून सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयांच्या मालिकेने असा सिद्धान्त रूढ केला, की हे बेट अमेरिकेच्या मालकीचे आहे, पण अमेरिकेचा भाग नाही. मालकी आहे, नाते नाही! १९१७ मध्ये तेथील लोकांना नागरिकत्व मिळाले, तेही राष्ट्राध्यक्ष निवडण्याच्या मताविना. स्वतःचा गव्हर्नर निवडण्यासाठी १९४८ साल उजाडावे लागले. आणि ज्या वर्षी ही ‘उदारता’ दाखवली गेली, त्याच वर्षी बेटाच्या विधिमंडळाने असा कायदा केला, की ज्याखाली प्युर्टो रिकोचा ध्वज बाळगणे हादेखील गुन्हा ठरू लागला. १९५७ पर्यंत तो कायदा पुस्तकात होता.

मग आली १९५२ ची घटना. ती अमलात आल्याची घोषणा झाली २५ जुलै रोजी, म्हणजे नेमक्या त्याच तिथीला, ज्या तिथीला परकी सैन्य उतरले होते. दास्याची तिथी उत्सवाच्या तिथीने झाकण्याची ही युक्ती साम्राज्यांच्या इतिहासात नवी नाही. घटनेने बेटाला स्पॅनिश भाषेत जे नाव दिले, त्याचा शब्दशः अर्थ ‘स्वतंत्र सहयोगी राज्य’. पण इंग्रजी प्रतीत ‘राज्य’ हा शब्द कटाक्षाने टाळला गेला आणि ‘कॉमनवेल्थ’ वापरला गेला. कारण अमेरिकेत ‘राज्य’ म्हटले, की लोक खरोखरच राज्य समजतील! घरात एक नाव आणि मालकाच्या दरबारात दुसरे. शिवाय जनतेने मतदानाने स्वीकारलेल्या त्या घटनेतून काम, अन्न, वस्त्र, निवारा यांच्या हक्कांविषयीचे कलम अमेरिकी काँग्रेसने मंजुरीपूर्वी वगळायला लावले. जी घटना दुसऱ्याच्या कात्रीखालून जाते, ती घटना कोणाची म्हणायची?

पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, अमेरिकेने संयुक्त राष्ट्रांना सांगितले, की प्युर्टो रिको आता स्वशासित झाले आहे, सबब त्याच्याविषयी वसाहत म्हणून अहवाल देण्याचे आपल्याला कारण उरलेले नाही. आमसभेने ते मान्यही केले. त्रेसष्ट वर्षांनी, वर उल्लेखिलेल्या शस्त्रविक्रीच्या खटल्यात, त्याच अमेरिकेच्या सरकारी वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात प्युर्टो रिकोला सार्वभौमत्व नसल्याची बाजू मांडली आणि न्यायालयाने निर्वाळा दिला, की बेटाच्या अधिकाराचा अंतिम उगम अमेरिकी काँग्रेसमध्येच आहे. जगासमोर एक साक्ष, घरच्या न्यायालयात दुसरी. लोकशाहीचे पाठ इतर देशांना देत हिंडणाऱ्या महासत्तेला यात विसंगती दिसू नये, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे.

‘सार्वभौमत्वाचा प्रश्न पंडितांचा, सामान्य माणसाला त्याचे काय?’ असे म्हणणाऱ्यांनी बेटाच्या कर्जाची कहाणी पाहावी. सत्तर अब्ज डॉलरहून अधिक कर्ज डोक्यावर बसले, तेव्हा दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घेणे भाग होते. अमेरिकेतील राज्ये आपल्या नगरपालिकांना तो आसरा घेऊ देऊ शकतात. प्युर्टो रिकोला मात्र १९८४ च्या दुरुस्तीने या कामापुरते ‘राज्य’ या व्याख्येतून बाहेर काढलेले होते. म्हणून बेटाने स्वतःचा कायदा केला. तोही जून २०१६ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला, कारण राज्यांना असे कायदे करण्याची मनाई आहे आणि मनाईपुरते प्युर्टो रिको ‘राज्य’च आहे! सवलत मागितली तर राज्य नव्हे, बंधन घालायचे तर राज्य. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, याहून वेगळे ते काय? त्याच महिन्याच्या अखेरीस काँग्रेसने सात सदस्यांचे वित्तीय देखरेख मंडळ बेटावर बसवले. बेटाच्या मतदारांनी त्यांतला एकही सदस्य निवडलेला नव्हता. निवडून आलेल्या सरकारच्या अंदाजपत्रकावर शेवटची सही या मंडळाची. लोक त्याला ‘हुंता’ म्हणतात, आणि लॅटिन अमेरिकेत हा शब्द कोणासाठी वापरतात, हे सांगायला नको.

यावर ठरावीक उत्तर असे, की बेटवासीयांना अमेरिकी पारपत्र आहे आणि बेटावरील कमाईवर बहुतेकांना संघीय प्राप्तिकर भरावा लागत नाही, मग तक्रार कसली? हे अर्धसत्य आहे. सामाजिक सुरक्षेचा कर ते भरतात, अमेरिकेच्या युद्धांत लढतात, आणि ज्या राष्ट्राध्यक्षाच्या आज्ञेवरून लढतात, त्याला मत देऊ शकत नाहीत. तोच माणूस फ्लोरिडात राहायला गेला, की त्याला मत मिळते. याउलट, अपंग व वृद्ध गरिबांसाठीचे एक संघीय साहाय्य बेटावर राहायला गेल्यामुळे बंद होते. ते बंद करणे घटनाबाह्य नाही, असा निर्णय २०२२ मध्ये झाला. वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात बेटाचा एकच ‘रेसिडेंट कमिशनर’ बसतो. तो बोलू शकतो, पण विधेयकाच्या अंतिम मतदानात त्याला मत नाही. रेसिडेंट हा शब्द मराठी माणसाला साताऱ्याच्या दरबारापासून ठाऊक आहे. तिथे तो धन्याने मांडलिकाकडे धाडलेला असे, इथे मांडलिकाने धन्याकडे धाडलेला आहे, एवढाच काय तो बदल.

शब्द मात्र निर्दोष आहे. १९३५ मध्ये फिलिपाइन्सही ‘कॉमनवेल्थ’ झाले, पण तिथे स्वातंत्र्याची मुदत आधीच कायद्याने ठरलेली होती आणि ४ जुलै १९४६ रोजी ते स्वतंत्र झाले. भारताने १९४९ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रकुलात राहण्याचे ठरवले, तेव्हा देशात त्यावर टीकेचे मोहोळ उठले होते, आणि ते अस्थानी नव्हते. पण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये भारतीय न्यायालयांवरील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलचा अपिलाचा अधिकार संपला आणि २६ जानेवारी १९५० रोजी देश प्रजासत्ताक झाला. राष्ट्रकुल सोडायचे ठरवले, तर दिल्लीला कोणाची परवानगी लागत नाही. सॅन हुआनला शेवटचा शब्द स्वतःकडे आणता आला नाही. त्याला ‘कॉमनवेल्थ’ हे नाव मिळाले आणि अपिलाचा दरवाजा वॉशिंग्टनकडेच उघडा राहिला.

बेटवासी स्वतः एकमुखी नाहीत, हेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. कोणाला पूर्ण राज्य हवे, कोणाला स्वातंत्र्य. राज्य झाल्यास स्पॅनिश भाषेचे काय होईल, ही धास्ती पोकळ नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजी हे शिक्षणाचे माध्यम म्हणून लादण्याचे प्रयोग या बेटाने सोसले आहेत. ऑलिंपिकमध्ये १९४८ पासून स्वतःच्या नावाने उतरणाऱ्या चमूचा अभिमान एका ताऱ्यासाठी सोडावा का, हा प्रश्न तिथल्या घराघरांत आहे. निवड त्यांची आहे. वॉशिंग्टनचा दोष असा, की त्याने ही निवड आजवर स्वतःवर बंधनकारक करून घेतलेली नाही. १९६७ पासून सात वेळा जनमत घेतले गेले. १९९८ मध्ये तर ‘यांपैकी काहीही नको’ या पर्यायाला निम्म्याहून अधिक मते पडली, यावरून पर्याय कसे मांडले गेले होते याची कल्पना यावी. बंधनकारक मतदानाचे विधेयक डिसेंबर २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहात संमत झाले आणि सिनेटने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.

नोव्हेंबर २०२४ च्या सातव्या मतदानात राज्याच्या दर्जाला निम्म्याहून अधिक वैध मते मिळाली. त्याच दिवशी झालेल्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत स्वातंत्र्यवादी पक्षाचा उमेदवार दुसऱ्या क्रमांकावर आला. त्या मतपत्रिकेवर तीनच पर्याय होते : राज्य, स्वातंत्र्य आणि मुक्त सहयोगासह सार्वभौमत्व. बेट ज्या दर्जाखाली १९५२ पासून नांदते आहे, तो ‘कॉमनवेल्थ’ त्यांत नव्हता. सरकारी कागदांवर तो अजून आहे.