अर्धांगवायू : आधी घड्याळ पाहा!

सकाळी चहा घेता घेता आजोबांच्या हातून कप निसटतो. तोंड एका बाजूला वाकडे होते, शब्द बोबडे येतात. ‘अंगावरून वारं गेलं,’ असे म्हणत कोणी तेल गरम करायला धावते, तर कोणी कबुतराचे रक्त चोळण्याचा सल्ला देते. या गडबडीत सर्वांत मोलाचा वेळ मात्र निघून जातो.

खरे तर दोष हातापायात नसतो, मेंदूत असतो. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के; पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटाच वापरतो. त्याच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली किंवा रक्तवाहिनी फुटली, की तेवढ्या भागातल्या पेशी मरू लागतात. उपचार न झाल्यास मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी नष्ट होतात, असा अंदाज आहे.

मेंदूची डावी बाजू शरीराचा उजवा भाग सांभाळते आणि बहुतेकांची वाचाही तिथेच असते. म्हणून उजवे अंग लुळे पडते तेव्हा अनेकदा बोलणेही जाते. उजव्या मेंदूला इजा झाली तर डावे अंग जाते. काही रुग्णांना डावी बाजू जाणवतच नाही. ताटातली डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहते.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. त्याआधी सीटी स्कॅन हवाच. कारण गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून कळत नाही. रक्तस्राव असेल तर घरी दिलेली अ‍ॅस्पिरिन घातक ठरू शकते. पाणी किंवा चहाही पाजू नये. गिळता न आल्यास तो श्वासनलिकेत जातो. स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. मालिश नको, व्यायामोपचार नंतर, तज्ज्ञांच्या सल्ल्याने.

लक्षणे दहा मिनिटांत गेली तरी गाफील राहू नये. तो मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो. बरे वाटते म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद करणे तर फारच महागात पडते.

त्रास कधी सुरू झाला, ती वेळ कागदावर लिहून ठेवावी. झोपेतून उठतानाच त्रास जाणवला, तर रुग्ण शेवटचा धडधाकट केव्हा दिसला, ते सांगावे. डॉक्टर आधी तेच विचारतात.