मुंजा दिसतो, बाई दिसत नाही



रेशन, पाणी, हुंडाबळी, कोर्टात रखडलेल्या पोटगीच्या केसेस असे प्रश्न समोर असताना संपादकीय टीव्हीवरच्या गुन्हेगारी कार्यक्रमांवर कशाला, असे काहीजणी विचारतील. विचारणे योग्यच आहे. पण गेले काही महिने मढच्या आमच्या बैठकीत हा विषय वेगवेगळ्या वाटांनी पुन्हा पुन्हा येतो आहे आणि तो आता निव्वळ करमणुकीचा राहिलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

मढ म्हणजे कोळीवाडा, किल्ला आणि शूटिंगचे बंगले. नुसत्या मासळीवर घर चालत नाही म्हणून बैठकीतल्या काही बाया या बंगल्यांवर झाडलोटीला, स्वयंपाकाला जातात. त्यातली एक सांगत होती की मांत्रिकाच्या सीनसाठी आणलेली लिंबे, हळदकुंकू, काळी बाहुली आणि थर्माकोलची कवटी असा सगळा पसारा पॅकअपनंतर तिनेच आवरला. लिंबे बाजारातली होती हे तिला ठाऊक होते, तरी उचलताना हात कापले.

त्याच सुमारास दुसऱ्या एका वस्तीत एकट्या राहणाऱ्या विधवेने करणी केल्याची कुजबुज सुरू झाली. कारण काय, तर शेजारचे मूल महिनाभर बरे होत नव्हते. आम्ही समजवायला गेलो तेव्हा पुरावा म्हणून एका कार्यक्रमाचे नाव पुढे आले. "ताई, खोटं कसं असेल? सत्य घटनेवर आधारित असतं ते, तसं लिहिलेलंच असतं." मुलाला इस्पितळात नेले, कावीळ निघाली, औषधपाण्याने मूल बरे झाले. कुजबुज मात्र काविळीइतक्या लवकर उतरली नाही. ती बाई अजूनही नळावर सगळ्यांच्या शेवटी जाते.

तेव्हा प्रश्न असा की 'सत्य घटना' म्हणून आपल्याला जे दाखवतात, त्यात कोणते सत्य निवडलेले असते आणि कोणते गाळलेले असते?

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मानवतपेक्षा मोठे उदाहरण नाही. परभणी जिल्ह्यातल्या या गावात १४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४ या काळात दहा खून झाले. दहा वर्षांच्या आसपासच्या पाच मुली, वर्षभराचे एक तान्हे मूल आणि पस्तिशीच्या घरातल्या चार स्त्रिया. मेलेल्यांत एकही बाप्या माणूस नाही. मराठवाडा दुष्काळाने होरपळत होता. तपासासाठी मुंबईहून रमाकांत कुलकर्णी यांच्यासारखा नामवंत पोलीस अधिकारी पाठवावा लागला. १९८१ साली विजय तेंडुलकरांच्या पटकथेवर अमोल पालेकरांनी 'आक्रित' हा चित्रपट केला आणि २०२४ साली कुलकर्णींच्या आठवणींच्या आधारे 'मानवत मर्डर्स' ही वेब मालिका आली. मोबाईलवर ती आपल्या वस्त्यांतही पोचली.

सरकार पक्षाची कहाणी थोडक्यात अशी. गावातला एक पैसेवाला, वजनदार गृहस्थ आणि त्याच्यासोबत राहणारी पारधी समाजातली एक स्त्री. तिची पाळी लवकर बंद झालेली, मूल नाही. वाड्यातल्या पिंपळावर मुंजा आहे, त्याच्या ताब्यात गुप्तधन आहे आणि कुमारिकांचे रक्त वाहिले तर धनही मिळेल आणि मूलही होईल, असे मांत्रिकाने सांगितले. मग त्यासाठी मुली मारल्या गेल्या.

बैठकीत आम्ही विचारले, यातले काय लक्षात राहिले? पिंपळ, मुंजा, रक्ताची वाटी आणि ती बाई. खटल्याचे पुढे काय झाले, हे एकीलाही सांगता आले नाही. ज्या दोघांना कटाचे सूत्रधार म्हटले गेले, त्या दोघांना मुंबई उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. प्रत्यक्ष खून केल्याचे ज्यांच्यावर शाबीत झाले, त्यांची शिक्षा टिकली. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने या खटल्याचा निकाल देताना दोन गोष्टी बजावून सांगितल्या. माफीच्या साक्षीदाराच्या शब्दाला स्वतंत्र पुराव्याची जोड हवी, आणि तपासाच्या उत्साहात पोलिसांनी कोठडीत हात चालवणे खपवून घेता येणार नाही.

त्या वाड्यात काय शिजले आणि काय नाही, याचा निवाडा मी इथे देत नाही. मुद्दा असा आहे की न्यायालयाने जिला सोडले, ती बाई पडद्याने सोडलेली नाही. पन्नास वर्षे झाली तरी मानवत म्हटले की तिचाच चेहरा पुढे येतो. ती वांझ, ती पारधी, ती लग्नावाचून पुरुषाबरोबर राहणारी. इंग्रज सरकारने १८७१च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ साली गेला, पण शिक्का कुठे पुसला गेला? अशी बाई सापडली की कथानकाला वेगळी चेटकीण शोधावी लागत नाही.

आणि जे विचारायला हवे होते ते राहूनच जाते. मूल नसलेल्या बाईला जगणे इतके अशक्य कोण करते? मुली एकामागून एक मरत असताना वर्षाहून अधिक काळ गाव आणि यंत्रणा काय करत होती? त्या चार स्त्रिया शेतात, रानात एकट्या का जात होत्या? दुष्काळात सरपणासाठी, मजुरीसाठी बाईला जावेच लागते. हा सगळा भाग कॅमेऱ्याला रुचत नाही. त्याला मुंजा दिसतो, बाई दिसत नाही.

आता आकडे पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात २०२१ साली देशात नरबळीच्या हेतूने झालेल्या खुनांची नोंद ६ आहे. जादूटोण्याच्या कारणावरून झालेल्या खुनांची नोंद आहे ६८. या दुसऱ्या आकड्यात बहुतेकदा कोणावर तरी जादूटोण्याचा संशय घेऊन त्यालाच मारलेले असते आणि हा संशय सर्वात आधी येतो तो विधवेवर, म्हातारीवर, एकटीवर. म्हणजे मंत्र म्हणून जीव घेणारे मोजके, आणि मंत्र म्हणते अशा संशयावरून जीव जाणारे दहापटीने जास्त. छोट्या पडद्यावर मात्र प्रमाण बरोबर उलटे.

आपल्या राज्यातली अलीकडची उदाहरणे ताजी आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात जादूटोण्याच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या सात जणांना भर चौकात बांधून मारले. त्यात म्हाताऱ्या बायाही होत्या. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस मेळघाटात चिखलदरा तालुक्यात सत्तरी ओलांडलेल्या आजीला चटके देऊन, गळ्यात चपलांची माळ घालून गावभर फिरवले. नंदुरबारच्या सातपुड्यात 'डाकीण' ठरवलेल्या बायांसाठी कार्यकर्ते वर्षानुवर्षे झगडत आहेत. यात पिंपळ नाही, गुप्तधन नाही, पार्श्वसंगीत नाही. जमिनीचा तुकडा, भाऊबंदकी, आजारी मूल आणि दवाखान्याचे अंतर एवढेच आहे.

काहीजणी म्हणतील, अशा कार्यक्रमांमुळे बाया सावध होतात. हे मी नाकारत नाही. नवऱ्याच्या छळाचा एखादा भाग पाहून आमच्या केंद्रावर आलेल्या बहिणी आहेत. म्हणून बंदी घाला अशी आमची मागणी नाही. बंदीची कात्री आधी कोणाच्या शब्दावर चालते, हे चळवळीने पुरेसे भोगले आहे. शिवाय हाच विषय शहाणपणाने मांडता येतो. १ जुलै २०१८ रोजी दिल्लीत बुराडी येथे एका घरातली अकरा माणसे मृतावस्थेत सापडली, त्यांत सात स्त्रिया. वाहिन्या भिंतीतल्या अकरा पाइपांत तंत्रमंत्र शोधत बसल्या. लीना यादव यांचा २०२१ सालचा तीन भागांचा माहितीपट पाहा. त्यात घरातल्या वह्या, वडिलांच्या मृत्यूनंतर धाकट्या मुलाच्या तोंडून बोलू लागलेला 'बाप' आणि तो सांगेल ते मुकाट करणारे कुटुंब समोर येते. मानसशास्त्र जाणणारी माणसे बोलतात. पाहताना भूत दिसत नाही, घरातली सत्ता दिसते. असे करता येते, तर बाकीचे का करत नाहीत?

कायदा आपल्या हातात आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या खुनानंतर चार दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. एखादीला करणी करणारी म्हणून बदनाम करणे, भूत उतरवण्याच्या नावाने मारणे, दैवी शक्तीने मूल देतो म्हणून बाईचा उपभोग घेणे हे त्यानुसार गुन्हे आहेत. सहा महिने ते सात वर्षे कैद होऊ शकते. लोकलच्या बायकांच्या डब्यात 'संतानप्राप्ती, वशीकरण' अशा जाहिराती चिकटवणाऱ्या बाबांचा धंदा याच वेदनेवर चालतो. केबल टेलिव्हिजनच्या १९९४च्या नियमांतली कार्यक्रम संहिता अंधश्रद्धेला उत्तेजन देणारे आणि स्त्रीची अप्रतिष्ठा करणारे कार्यक्रम दाखवायला मनाई करते. वाहिनी असो वा मोबाईलवरची मालिका, तक्रारीसाठी अधिकारी नेमणे आणि पंधरा दिवसांत उत्तर देणे २०२१ पासून बंधनकारक आहे.

म्हणून आमच्या मागण्या अशा:

१. खटल्यात कोण सुटले आणि का, हे भागाच्या शेवटी घाईघाईने सरकणाऱ्या पाटीवर नको, कथानकात हवे. निर्दोष सुटलेल्या व्यक्तीचे खरे नाव वापरू नये.

२. बळी गेलेल्या मुलींच्या देहाचे, विधींचे तपशीलवार नाट्यीकरण नको. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. मेलेल्या मुलीलाही तोच मान मिळाला पाहिजे.

३. जमात, जात, वांझपण, वैधव्य यांना संशयाची खूण म्हणून वापरू नये.

४. जादूटोण्याचा विषय असलेल्या प्रत्येक भागात २०१३च्या कायद्याची माहिती आणि तक्रार कुठे करायची ते सांगावे.

मागण्या कागदावर राहू नयेत म्हणून गटांना एक काम सुचवते. आपापल्या वस्तीत असा एक भाग एकत्र बसून पाहा आणि संपल्यावर चार प्रश्न विचारा. मेले कोण? फायदा कोणाचा झाला? संशय कोणावर दाखवला? पोलीस आणि दवाखाना कधी आला? उत्तरे फळ्यावर लिहा. त्यावरून तक्रारीचा मसुदा तयार होतो, तो संबंधित वाहिनीकडे पाठवा, एक प्रत आमच्याकडे पाठवा. आलेली उत्तरे, आणि न आलेलीही, पुढच्या अंकात छापू.

आणि तुमच्या वस्तीत एखादी बाई नळावर सगळ्यांच्या शेवटी उभी राहत असेल, तर मालिका संपायची वाट पाहू नका. आजच तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहा.