संपानंतरची शाखा

महाराष्ट्रातील अंगणवाडी कर्मचाऱ्यांनी ४ डिसेंबर २०२३ रोजी पुकारलेला संप पन्नासहून अधिक दिवस चालला आणि जानेवारी २०२४ च्या अखेरीस मिटला. त्याच सुमारास, १२ जानेवारीपासून, आशा स्वयंसेविका व गटप्रवर्तक यांनीही दुसऱ्यांदा काम थांबविले होते. आझाद मैदानावरील हजारो स्त्रियांची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकली. मात्र संप मिटल्यानंतर आर्वी, कारंजा किंवा समुद्रपूरसारख्या तालुक्यात संघटनेच्या शाखेला वर्षभर जे काम करावे लागते, त्याची बातमी होत नाही. संपाचे यशापयश प्रत्यक्षात तेथेच ठरत असते.

मंत्र्यांनी दिलेले आश्वासन आणि बँकेच्या खात्यात जमा होणारी रक्कम यांच्यामध्ये शासन निर्णय, निधीची तरतूद, जिल्हा परिषद, प्रकल्प कार्यालय अशा अनेक पायऱ्या असतात. आशांचेच उदाहरण घ्यावे. २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील संपानंतर दरमहा सात हजारांच्या वाढीची भाषा झाली. निर्णय मात्र कागदावर उतरेना, म्हणून त्यांना पुन्हा संपावर जावे लागले. अखेर मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने वाढ मान्य केली ती पाच हजारांची. अशा व्यवहारात थकबाकी कोणाची राहिली, प्रवासभत्त्याचे देयक कोठे अडकले, संपकाळातील नोटीस खरोखर मागे घेतली गेली की फाईलमध्ये तशीच आहे, निवृत्त मदतनिसाचा एकरकमी लाभ का आला नाही, हे तपासणारी शाखाच असते. हे काम कंटाळवाणे आहे, त्यात घोषणा नाहीत. परंतु अर्ज लिहिणे, त्याची पोच घेणे आणि पोच जपून ठेवणे ही कष्टकरी स्त्रीच्या हाती आलेली मोठी विद्या आहे.

या स्त्रियांना शासन कर्मचारी म्हणत नाही. त्या ‘सेविका’, ‘मदतनीस’, ‘स्वयंसेविका’. त्यांना मिळते ते ‘मानधन’. या शब्दातील मान किती आणि धन किती, हे वेगळे सांगावयास नको. गंमत अशी, की याच ‘मानसेवी’ स्त्रियांना मार्च २०१८ मध्ये अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा, म्हणजे मेस्मा, लावण्यात आला. विधिमंडळात गदारोळ झाल्यावर त्यास स्थगिती द्यावी लागली. वेतन देताना स्वयंसेवा आणि संप मोडताना अत्यावश्यक सेवा, असा हा दुटप्पी न्याय होता. ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने २०१३ सालीच योजना कर्मचाऱ्यांना कामगार मानावे, किमान वेतन व सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा लागू होतो असे सांगितले आणि हे अर्धवेळ काम असल्याचा युक्तिवाद फेटाळला. तरीही केंद्राचा सेविकेच्या मानधनातील आधार २०१८ साली ४,५०० रुपये ठरला, तो २०२४ पर्यंत तसाच राहिला.

काम मात्र वाढतच गेले. २०२१ पासून पोषण ट्रॅकर आले. निकृष्ट मोबाईल आणि इंग्रजी ॲप यांना कंटाळून राज्यभरच्या सेविकांनी ते मोबाईल कार्यालयात नेऊन परत केले. २०२४ च्या पावसाळ्यात ‘लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज भरण्याचे काम आले, प्रत्येक अर्जामागे ५० रुपये देण्याचे ठरले. इतरांच्या खात्यात दरमहा दीड हजार जावेत म्हणून ती राबली. स्वतःच्या पन्नास रुपयांसाठी मात्र तिला शाखेचे दार ठोठवावे लागते.

वर्ध्याच्या भूमीत हा प्रश्न नवा नाही. सेवेचे पावित्र्य सांगून मजुरीचा विषय टाळणाऱ्यांनी १९३५ साल आठवावे. गांधीजी तेव्हा येथेच मगनवाडीत राहत होते. कातणारीला आठ तासांच्या कामाचे आठ आणे मिळावेत, असा आग्रह त्यांनी चरखा संघापुढे धरला. खादी महाग होईल, खप घटेल, ही भीती संघाच्या कार्यकर्त्यांनीच व्यक्त केली. दर आठ आण्यांपर्यंत पोचला नाही हे खरे. परंतु खादीची स्वस्ताई कातणारीच्या पोटातून काढावयाची नाही, हे तत्त्व संघाने स्वीकारले आणि मजुरी वाढविली. आज पोषण आहाराची स्वस्ताई कोणाच्या पोटातून निघते, हे सेवाग्रामला येऊन सूत अर्पण करणाऱ्या मंत्र्यांना कोणी तरी विचारावयास हवे.

शाखांच्या कामातील एक उणीव मात्र झाकून चालणार नाही. आयटक, सिटू आणि इतर संघटना कृती समितीत एकत्र आल्या, एम. ए. पाटील, शुभा शमीम यांच्यासारख्यांनी ती एकजूट टिकविली, हे मोलाचे झाले. पण संप ज्या काळात झाला तो कापूस वेचणीचा हंगाम होता. हिंगणघाट-समुद्रपूर पट्ट्यात वेचणीला जाणाऱ्या मजूर आईचे मूल अशा दिवसांत अंगणवाडी बंद असली की शेताच्या धुऱ्यावर बसते, आणि त्याचा आहारही बुडतो. ही आई संपाची शत्रू नव्हे. तिची मजुरीही तितकीच अपुरी आहे. परंतु तिच्यापर्यंत संपाची बाजू पोचविण्याचे काम वर्षभरात किती शाखांनी केले? प्रकल्प कार्यालयावर मोर्चा नेण्याची तयारी सर्वांची असते, गावातील मातांची बैठक घेण्याची फार थोड्यांची. पुढील संपाची नोटीस देण्यापूर्वी प्रत्येक शाखेने आपल्या गावांच्या ग्रामसभांत ग्रॅच्युइटी व वेतनाच्या मागणीला पाठिंब्याचा ठराव मांडावा, आणि संपकाळात लहान मुलांच्या जेवणाची सोय गावाने कशी करावी, हेही त्याच सभेत त्या मातांशी बोलून ठरवावे.